चिठ्ठीत निघालेली माणसे

सोडत आपल्याला नवी नाही. म्हाडाच्या घरांची सोडत निघते, सरपंचपदाच्या आरक्षणाची निघते. आमच्याकडे हजसाठी जागांपेक्षा अर्ज जास्त आले की कुर्रा काढतात. ज्याचे नाव निघाले त्याला साऱ्या मोहल्ल्याचे सलाम. पण देशाची राज्यघटना तपासायला बसणारी माणसे चिठ्ठी टाकून निवडायची, असे कुणी म्हटले तर आपण त्याला वेड्यात काढू. आयर्लंडने हे वेड केले.

आयर्लंडची घटना १९३७ची. तिचे आणि आपले जुने नाते आहे. आपल्या घटनेतली मार्गदर्शक तत्त्वे ही कल्पना आपण तिथूनच घेतली. फरक एवढाच, की आपल्याकडे घटनादुरुस्ती संसद करते. तिथे प्रत्येक दुरुस्तीला सार्वमत लागते. म्हणजे शेवटचा शब्द जनतेचा होताच. पहिला मात्र नव्हता. कोणता प्रश्न विचारायचा, कसा विचारायचा, हे राजकारणी ठरवीत. मते जाण्याची धास्ती असलेले प्रश्न वर्षानुवर्षे कपाटात पडून राहत.

२००८ साली तिथल्या बँका कोसळल्या, २०१० साली बाहेरून कर्ज घ्यायची वेळ आली आणि पुढाऱ्यांवरचा विश्वास पार उडाला. २०११ साली काही राज्यशास्त्रज्ञांनी शंभरेक सामान्य माणसे एकत्र बसवून पाहिली. ती नीट ऐकतात, विचार करतात, मतही बदलतात, असे दिसले. मग डिसेंबर २०१२मध्ये सरकारी घटना परिषद भरली. १०० सदस्य. त्यांत ६६ चिठ्ठीत निघालेले नागरिक, ३३ राजकारणी आणि एक अध्यक्ष. चिठ्ठी आंधळी नव्हती. स्त्री-पुरुष, वय, प्रदेश, सामाजिक स्तर यांचे प्रमाण देशाशी जुळेल अशी काळजी घेतली होती. शनिवार-रविवारी हॉटेलात गोल टेबले मांडायची, दोन्ही बाजूंच्या जाणकारांना ऐकायचे, टेबलावर आपसांत बोलायचे आणि शेवटी मतदान. समलिंगी विवाहाला या परिषदेने कौल दिला. मे २०१५च्या सार्वमतात ६२ टक्के लोकांनी तो उचलून धरला. गंमत म्हणजे राष्ट्राध्यक्षपदासाठी वयाची अट कमी करावी, ही परिषदेचीच दुसरी शिफारस त्याच दिवशी ७३ टक्क्यांनी फेटाळली. चिठ्ठीतल्या माणसांपुढे जनतेने मान तुकवली, असे मुळीच नाही.

धर्मनिंदा हा गुन्हा घटनेतून काढावा, असेही परिषद म्हणाली. २०१८ साली लोकांनी तो काढला. कविता लिहिणाऱ्या माझ्यासारख्या मुसलमान माणसाला हा विषय पुस्तकी वाटत नाही. निर्णयाइतकीच त्याची रीतही मला महत्त्वाची वाटते. रस्त्यावर कुणी कुणाला धमकावले म्हणून नव्हे, तर माणसांनी एका टेबलावर बसून बोलावे आणि मग ठरावे, ही ती रीत.

खरी कसोटी पुढे होती. १९८३च्या दुरुस्तीने गर्भाचा जीव आणि आईचा जीव घटनेत एका तराजूत ठेवला होता. सविता हलप्पनवर ही बेळगावात वाढलेली दंतवैद्य २०१२ साली गॉलवेच्या रुग्णालयात दाखल झाली. गर्भ वाचणार नव्हता, तिने गर्भपाताची विनंती केली, ती नाकारली गेली. जंतुसंसर्ग रक्तात पसरून ती गेली. वय ३१. देश हादरला, तरी प्रश्नाला हात घालायला पुढारी कचरत होते. अखेर २०१६ साली तो नागरिक सभेकडे सोपवला. या वेळी ९९ नागरिक, राजकारणी एकही नाही आणि अध्यक्षस्थानी सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीश मेरी लॅफॉय. पाच शनिवार-रविवार त्यांनी डॉक्टरांना, वकिलांना, दोन्ही बाजूंच्या संघटनांना ऐकले. त्यांची शिफारस पुढाऱ्यांच्या अंदाजापेक्षा पुष्कळ पुढे गेली. मे २०१८मध्ये ६६ टक्के लोकांनी ती दुरुस्ती रद्द केली. जे खासदारांना जड जात होते, ते या ९९ जणांनी केले. त्यांना पुढची निवडणूक लढवायची नव्हती, हे त्याचे मोठे कारण असावे.

चिठ्ठीतही लबाडी होऊ शकते. २०१८च्या सुरुवातीलाच उघड झाले, की रिकाम्या जागांवर घेतलेली सात माणसे दारोदार फिरून नव्हे, तर फोनवर, ओळखीपाळखीतून उचलली होती. गर्भपाताचे मतदान त्याआधीच होऊन गेले होते. सातही जणांना वगळले. ओळखीने नाव निघाले, की सोडतीत उरते काय?

तिसरी गोष्ट मला सर्वांत बोलकी वाटते. स्त्रीचे घरातले जीवन आणि आईची घरातली कर्तव्ये यांचे गोडवे गाणारे एक कलम १९३७पासून घटनेत आहे. ते बदलावे आणि घरात व समाजात माणसांची काळजी घेणाऱ्यांना मदत करणे सरकारवर बंधनकारक करावे, असे २०२१ साली दुसऱ्या नागरिक सभेने सुचवले. सरकारने सार्वमताला मजकूर ठेवला तो वेगळा. त्यात बंधन गेले आणि सरकार ‘प्रयत्नशील राहील’ एवढे उरले. आपल्याकडच्या सरकारी कागदांतही हा शब्द भेटतो, आणि त्याचा अर्थ आपल्याला ठाऊक आहे. मार्च २०२४मध्ये जवळपास ७४ टक्के लोकांनी तो मजकूर नाकारला. कुणाला जुने कलमच हवे होते, कुणाला नवे फारच पातळ वाटले. १९३७चे कलम त्यामुळे घटनेत जसेच्या तसे राहिले.