न्यू ऑर्लिन्सचा रविवार

आमच्या शेजारची मुलगी ऑफिसच्या कामाने अमेरिकेला निघाली आहे. बरोबर आणखी तिघेजण. मुक्काम न्यू ऑर्लिन्सला. चार दिवस काम आणि पुढे दोन दिवस मोकळे. २०१९ साली मी आणि माझी बायको तिथे मुलाकडे अडीच महिने राहून आलो, हे तिला ठाऊक. परवा संध्याकाळी येऊन म्हणाली, "चाचा, दोन दिवसांत काय काय बघू? एक यादी करून द्या ना."

यादी करायला बसलो आणि अडलो. मी मिरजेचा. आमचं गाव गाण्याचं म्हणून बाहेर नाव आहे. पाहुणा आला की आम्ही त्याला ख्वाजा शमना मीरांच्या दर्ग्यात नेतो, अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर दाखवतो, सतारमेकर गल्लीत एखादा तंबोरा छेडून दाखवतो. पाहुणा तासाभरात खूष होऊन परततो. पण शिकलगारी करणारी, म्हणजे तलवारींना धार लावणारी माणसं भोपळ्याला तारा कशा लावू लागली, हे त्याला कोणी सांगत नाही. न्यू ऑर्लिन्समध्येही पाहुण्याचं असंच होतं. त्याला बोर्बन स्ट्रीटवर सोडतात. झगमगाट, गोंगाट, हातात पेले घेऊन डुलणारी माणसं. तिथे एक चक्कर मारावी आणि बाहेर पडावं. गाणं ऐकायचं तर फ्रेंचमन स्ट्रीट बरा. किंवा १९६१ साली सुरू झालेला प्रिझर्व्हेशन हॉल. जुनाट, लहानशी खोली, माइक नाही, बाकांवर दाटीवाटीने बसायचं. क्लॅरोनेटवाल्याचा श्वास ऐकू येतो.

पण मी त्या मुलीला आधी पाठवणार आहे ते एका मोकळ्या मैदानात. जुन्या फ्रेंच वस्तीतून बाहेर पडलं की रॅम्पार्ट स्ट्रीट लागतो. रॅम्पार्ट म्हणजे तट. कधीकाळी गावाचा तट इथे होता. तो रस्ता ओलांडला की झाडांच्या सावलीत फरसबंदीची जागा आहे. तिचं नाव काँगो स्क्वेअर.

हे गाव फ्रेंचांनी १७१८ साली वसवलं. गुलामांसाठी त्यांनी १७२४ साली एक कायदा केला. कायदा क्रूरच होता. पळून जाणाऱ्याचे कान कापावेत असंही त्यात लिहिलं होतं. पण त्याच कायद्यात एक कलम असं की, रविवारी गुलामांना कामाला लावू नये. मालकांचा धर्म कॅथलिक, म्हणून ही सुट्टी. त्यामागे दया किती होती हे मी सांगू शकत नाही. पण माणसाला आठवड्यातली एक दुपार मिळाली की तो तिचं काय करतो, ते या मैदानात दिसलं. कोणी पिकवलेली भाजी विकायला आणी, कोणी शिजवलेलं अन्न. पै पै जमवून स्वतःची सुटका विकत घेणारेही होते. आणि बाजार आटोपला की ढोल निघत. शेजारच्या इंग्रजी वसाहतींमध्ये ढोलाची दहशत होती. साउथ कॅरोलायनात १७३९ साली गुलामांनी उठाव केला, तेव्हा पुढच्याच वर्षी कायदा करून त्यांच्या हातचे ढोल काढून घेतले. न्यू ऑर्लिन्समध्ये ते राहिले. १८०३ साली हा सगळा मुलूख अमेरिकेने विकत घेतला आणि १८१७ साली नगरपालिकेने हुकूम काढला की, गुलामांनी नाचगाण्यासाठी जमायचं ते फक्त रविवारी, मेयर ठरवील त्याच जागी आणि सूर्यास्तापर्यंतच.

त्यानंतर दोनच वर्षांनी, १८१९च्या फेब्रुवारीत, बेंजामिन लट्रोब नावाचा वास्तुविशारद तिथून चालला होता. वॉशिंग्टनच्या संसद भवनाच्या कामात ज्याचा मोठा हात, तोच हा. गावाच्या पाणीपुरवठ्याच्या कामासाठी आला होता. मोठा गलका ऐकू आला म्हणून तो गेला, तर पाच-सहाशे काळी माणसं रिंगणं करून उभी. एक म्हातारा ढोलावर घोड्यासारखा मांड ठोकून बसला होता आणि हाताच्या कडेने तो वाजवत होता. दुसरा ऐंशी-नव्वदीचा, अगदी चणीने लहान, एक तंतुवाद्य वाजवत होता. त्या वाद्याच्या दांडीवर बसलेल्या माणसाची ओबडधोबड आकृती कोरलेली होती, तिच्यामागे दोन खुंट्या, आणि खाली भोपळा.

हे वाचलं तेव्हा मी पुस्तक बाजूला ठेवलं. आमच्या मिरजेच्या कारागिरांचे भोपळे पंढरपूरच्या बाजूने येतात. ओला भोपळा वाळवायचा, पोखरायचा, दांडी जोडायची. हेच काम आफ्रिकेतल्या कुठल्यातरी गावात शिकलेला एक माणूस साता समुद्रापलीकडे विकला गेला, किंवा त्याचा बाप विकला गेला असेल. जहाजातून बरोबर काहीच आणता आलं नसणार. हातांना जे आठवत होतं तेवढंच आलं.

लट्रोबला ते संगीत आवडलं नाही. रानटी आणि कंटाळवाणं, असं त्याने आपल्या रोजनिशीत नोंदवलं. पण सवयीचा वास्तुविशारद! न आवडलेल्या वाद्यांचीही त्याने नीट चित्रं काढून ठेवली. पुढच्याच वर्षी तो त्याच गावात पीतज्वराने गेला. आज त्या दुपारबद्दल आपल्याला जे माहीत आहे, त्यातलं पुष्कळसं या नाक मुरडणाऱ्या माणसामुळे माहीत आहे. त्या दोन म्हाताऱ्यांची नावं मात्र त्याने विचारली नाहीत.

इथेच जॅझ जन्मला, असं तिथले वाटाडे ठोकून सांगतात. ते इतकं सरळ नाही. मैदानातले ते मेळावे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत थंडावले होते, आणि लुई आर्मस्ट्राँगचा जन्म १९०१चा. मध्ये यादवी युद्ध झालं, गुलामगिरी गेली, लष्करी पद्धतीचे बँड आले, चर्चची गाणी आली. पहिला मोठा कॉर्नेटवाला म्हणून ज्याचं नाव घेतात तो बडी बोल्डन १९०७ साली वेड्यांच्या इस्पितळात गेला आणि १९३१ साली तिथेच वारला. त्याची एकही ध्वनिमुद्रिका नाही. जॅझची पहिली तबकडी १९१७ साली निघाली ती गोऱ्या वादकांची! मैदान तेव्हा बोरेगार्ड स्क्वेअर झालं होतं. १८९३ साली त्याला गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या सेनापतीचं नाव दिलं गेलं. लोक काँगो स्क्वेअरच म्हणत राहिले. कागदोपत्री ते नाव परत यायला २०११ साल उजाडलं.

मैदानाच्या मागे ट्रेमे नावाची वस्ती आहे. इथल्या गल्ल्यांतून पायी हिंडावं. होमर प्लेसी याच वस्तीत राहत असे. १८९२ साली तो गोऱ्यांच्या डब्यात मुद्दाम जाऊन बसला आणि १८९६ साली सुप्रीम कोर्टाने त्याच्याविरुद्ध निकाल देऊन वेगळे डबे, वेगळ्या शाळा कायदेशीर ठरवल्या. आणि याच वस्तीत, तेव्हाच, बंगाली मुसलमान फेरीवाले खोल्या करून राहत होते!

मला हे तिथे जाईपर्यंत माहीत नव्हतं. विवेक बाल्ड यांनी २०१३ साली 'बंगाली हार्लेम' या पुस्तकात ही हकिकत जुन्या नोंदी धुंडाळून मांडली. हुगळी जिल्ह्यातल्या खेड्यांतली ही माणसं चिकनकामाचे रुमाल, चादरी घेऊन अमेरिकेत उतरत. उन्हाळ्यात न्यू जर्सीच्या समुद्रकाठी विक्री, हिवाळ्यात दक्षिणेत. न्यू ऑर्लिन्स हे त्यांचं ठाणं. माल हिंदुस्थानचा म्हणून गोऱ्या बायका कौतुकाने घेत. पण विकणाऱ्याला खोली मिळे ती काळ्यांच्या वस्तीत. काहींनी तिथल्याच मुलींशी लग्नं केली. मोक्सद अली नावाच्या अशाच एका फेरीवाल्याचा मुलगा बहादूर पुढे बार्डू अली म्हणून वाजतगाजत न्यूयॉर्कला चिक वेब यांच्या बँडपुढे उभा राहिला. अठरा वर्षांचीही नसलेल्या एला फिट्झजेराल्डला वेब यांच्यापर्यंत पोचवणाऱ्यांत त्याचं नाव घेतात. १९१७च्या कायद्याने हिंदुस्थानी माणसाला अमेरिकेचं दार बंद झालं. जे राहिले ते तिथल्या काळ्या समाजात मिसळून गेले. त्यांची दुकानं कुठे होती, त्यांनी ईदची नमाज कुठे पढली, हे विचारत मी दोन दुपारी फिरलो. कोणालाच सांगता आलं नाही. पाटी तर नव्हतीच.

पाट्यांचं म्हणाल तर विमानतळालाच आर्मस्ट्राँगचं नाव आहे, आणि काँगो स्क्वेअरला लागून मोठी बाग आहे तिलाही. ही बाग १९८० साली खुली झाली. तिच्या आणि शेजारच्या नाट्यगृहाच्या जागेसाठी ट्रेमेमधली घरांची ओळच्या ओळ पाडली होती. जवळच्या क्लेबोर्न रस्त्याला दुतर्फा ओक होते. १९६६ साली ते तोडून वरून महामार्गाचा उड्डाणपूल नेला. खुद्द आर्मस्ट्राँगचं जन्मघर १९६४ साली पाडलं गेलं. लहानपणी ज्या ज्यू कुटुंबाने त्याला कामाला ठेवलं आणि पोटाशी धरलं, त्या कार्नोफ्स्कींचं दुकान मी पाहिलं तेव्हा रिकामं, पण उभं होतं. २०२१च्या आयडा वादळात तेही कोसळलं. मुलीला तो पत्ता देण्यात आता अर्थ नाही. आणखी एक गोष्ट तिला सांगायची आहे. लुइझियाना राज्याने १९५६ साली काळ्यागोऱ्यांनी एकत्र कार्यक्रम करायला बंदी केली. आर्मस्ट्राँगच्या बँडमध्ये दोन्ही रंगांची माणसं. जगभर हसून गाणारा हा माणूस तेव्हा म्हणाला, मग मी माझ्या गावात वाजवणार नाही. आणि १९६५पर्यंत त्याने वाजवलं नाही.

खाण्याचं थोडक्यात. सोमवारी तिथे राजम्यासारखी लाल घेवडी आणि भात. सोमवार धुण्याचा वार, म्हणून चुलीवर ठेवून विसरता येईल असा पदार्थ. त्यात डुकराचं मांस हमखास असतं, तेव्हा विचारून घ्यावं. गंबो या रश्श्याचं नाव भेंडीच्या आफ्रिकी नावावरून आलं, असं मानतात. माझ्या बायकोला त्यातली भेंडी फार शिजलेली वाटली. चिकोरी घातलेली कॉफी आणि पिठीसाखरेत बुडालेले बेन्ये मात्र चुकवू नयेत. फक्त काळे कपडे घालून जाऊ नये.

शेवटी रविवारची मिरवणूक. गुलामगिरी संपल्यावर काळ्या माणसाला विमा मिळेना, तेव्हा वस्तीवस्तीत मंडळं निघाली. वर्गणी भरायची, त्यातून आजाऱ्याला डॉक्टर आणि मेल्यावर बँडसकट दफन. आपल्याकडच्या मयत फंडासारखंच. ती मंडळं अजून आहेत आणि हंगामात रविवारी दुपारी त्यांची एकेक मिरवणूक निघते. पुढे मंडळ आणि बँड, मागे छत्र्या-रुमाल नाचवत सगळं गाव. तिला सेकंड लाइन म्हणतात. एकदा माझ्या वाट्याला अंत्ययात्राच आली. कबरस्तानापर्यंत संथ, जड सूर, आणि परतताना तेच लोक नाचत! आमच्याकडे जनाज्याबरोबर पावलांचा आणि कलम्याचा आवाज तेवढा असतो. मला सुरुवातीला फार अवघडल्यासारखं झालं. मग एका म्हाताऱ्या बाईने काही न बोलता माझ्या हातात रुमाल दिला. मी नाचलो नाही, पण रुमाल हातात धरून पुलाखालपर्यंत चालत गेलो. हो, त्याच उड्डाणपुलाखाली. तिथे पोचलं की बँडवाले थांबून जोरात वाजवतात, कारण वरच्या काँक्रीटमुळे आवाज घुमतो.

काँगो स्क्वेअरमध्येही रविवारी दुपारी माणसं ढोल घेऊन येतात. कोणीही जाऊन बसावं.

हे सगळं कागदावर उतरवून काल शेजारी गेलो. मुलीने तिकीट दाखवलं. परतीचं विमान रविवारी सकाळी सातचं. मी म्हटलं, "बेटा, तेवढं सोमवारचं करून घे."