नाण्यावरील रूप आणि यवनांचे दान

गेल्या वर्षावासात राळेगाव येथील एका विहारात ‘मिलिंदपञ्ह’ या विषयावर बोलण्याचा योग आला. व्याख्यान आटोपल्यावर एका तरुण उपासकाने रुमालात गुंडाळलेले चांदीचे नाणे आमच्या हाती ठेवले. ते राजा मिलिंदाचे असून आपण ते एका विक्रेत्याकडून टपालाने मागविले, असे त्याने सांगितले. एका बाजूस शिरस्त्राण घातलेल्या राजाचे मुख, दुसऱ्या बाजूस आठ आऱ्यांचे चक्र. नाण्याच्या कडेवरून नख फिरविले तेव्हा सभोवार एक बारीक सांधा लागला. म्हणजे नाणे ठशाखाली ठोकलेले नव्हते, दोन साच्यांमध्ये ओतलेले होते. शिवाय मिलिंदाचे चक्रांकित नाणे चांदीचे नाही. ते तांब्याच्या जातीचे लहानसे नाणे आहे, आणि त्याच्या दुसऱ्या बाजूस राजाचे मुख नसून ताडाची झावळी आहे. त्या तरुणाने किती रुपये मोजले, हे आम्ही विचारले नाही. त्याचा चेहरा पाहून ते विचारवलेही नाही.

आपल्या अनेक घरांत आता अशी नाणी येऊ लागली आहेत. त्यामागची श्रद्धा आम्ही जाणतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1950 साली औरंगाबाद येथे स्थापन केलेल्या महाविद्यालयास मिलिंदाचे नाव मिळाले आणि त्या परिसरास नागसेनवन म्हटले गेले, तेव्हापासून हा ग्रीक राजा आपल्या घरातला झाला आहे. परंतु श्रद्धेने घेतलेले नाणे आणि इतिहासाचे साधन असलेले नाणे यांत अंतर आहे, आणि ते कसे ओळखावे हे पालि वाङ्मयाने फार पूर्वी सांगून ठेवले आहे.

विनयाच्या महावग्गात राजगृहातील उपालि नावाच्या मुलाची कथा आहे. (हा नापित कुळातील विनयधर उपालि नव्हे.) आपल्या पश्चात मुलाने सुखाने जगावे म्हणून आईबाप विचार करतात. लेखन शिकवावे तर बोटे दुखतील, गणना शिकवावी तर छाती दुखेल, ‘रूप’ शिकवावे तर डोळे दुखतील. शेवटी त्यांना भिक्षुसंघच बरा वाटतो! येथील ‘रूप’ म्हणजे काय? अट्ठकथाकार म्हणतात की ही विद्या शिकणाऱ्याला पुष्कळ कहापण उलटसुलट करून न्याहाळावे लागतात. नाण्यावरील छाप म्हणजे रूप. ‘रूपिय’ हा पालि शब्द आणि आपला रुपया यांचे नाते येथेच आहे.

पाचव्या शतकातील आचार्य बुद्धघोषांनी विसुद्धिमग्गात याच व्यवसायावरून एक दृष्टान्त घेतला आहे. सराफाच्या फळीवर नाण्यांची रास पडली आहे. अजाण बालकाला तिच्यात केवळ चित्रविचित्र, गोल, चौकोनी, लांबट तुकडे दिसतात. खेडूत माणसाला याहून अधिक कळते. याने वस्तू विकत मिळतात, हे तो जाणतो. सराफ मात्र पाहून, वाजवून, हुंगून, चाखून, हातात तोलून खरे-खोटे ठरवितो, आणि ते नाणे कोणत्या गावात, कोणत्या नगरात, कोणत्या नदीकाठी, कोणत्या कारागिराने पाडले, हेही सांगतो. सञ्ञा, विञ्ञाण आणि पञ्ञा यांतील भेद समजावण्यासाठी आचार्यांनी हे उदाहरण योजले. नाण्यांचा संग्रह करणाऱ्यांपैकी बहुतेक जण पहिल्या पायरीवर असतात. त्यांना चित्र हवे असते. विक्रेते दुसऱ्या पायरीवर असतात.

आता मिलिंदाचे खरे नाणे घेऊ. ग्रीक राजा मिनँडर हा इ. स. पूर्व दुसऱ्या शतकाच्या मध्यास वायव्य भारतात राज्य करीत होता. त्याच्या चांदीच्या नाण्यांवर एका बाजूस त्याचे मुख व ग्रीक लेख, दुसऱ्या बाजूस वज्र फेकणारी अथेना देवी आणि उजवीकडून डावीकडे वाचावयाचा खरोष्ठी लेख आहे. त्यात तो स्वतःस महाराज आणि त्राता म्हणवितो. चक्र आहे ते लहान नाण्यांवर. हे चक्र पाहताच ‘मिलिंद बौद्ध झाल्याचा पुरावा’ असे आपल्याकडे लिहिले जाते. आमच्या मते इतके मोठे ओझे त्या छोट्या नाण्यावर घालू नये. चक्र हे चक्रवर्ती राजाचेही लक्षण आहे, आणि शेजारची ताडाची झावळी ही ग्रीकांच्या परंपरेत विजयाची खूण आहे. मिनँडरचे नाव आणि ‘ध्रमिक’ ही पदवी धारण करणारी नाणीही पुष्कळदा पुढे केली जातात. पण ती त्याच नावाच्या उत्तरकालीन राजाची आहेत, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे.

मग मिलिंदाचे बौद्धत्व कशावर उभे आहे? ते नाण्यावर नाही, ग्रंथांवर आहे. मिलिंदपञ्ह आहेच. त्याखेरीज प्लुटार्क हा ग्रीक लेखक सांगतो की मिनँडर मरण पावल्यावर निरनिराळ्या नगरांनी त्याच्या रक्षेचे वाटे करून घेतले आणि त्यावर स्मारके उभारली. महापरिनिब्बान सुत्त वाचलेल्या कोणासही हे वाचून काय आठवेल, ते सांगावयास नको. प्लुटार्क बौद्ध नव्हता, म्हणून त्याची साक्ष अधिक मोलाची. राजाने अखेरीस राज्य पुत्रास सोपवून प्रव्रज्या घेतली, ही कथा मात्र पालि ग्रंथाच्या उत्तरभागात येते. चिनी अनुवादात तो भाग नाही. ती आपण कथा म्हणून सांगावी.

मिलिंदाचा पैसा महाराष्ट्राच्या दारापर्यंत आला होता. पहिल्या शतकातील एका ग्रीक खलाशाने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासग्रंथात म्हटले आहे की भडोच बंदरात अपोलोडोटस आणि मिनँडर यांचे जुने द्रम्म त्या काळीही चालत. त्याच बंदरात रोमन सोन्याचांदीची नाणी आणून स्थानिक पैशाशी बदलून घेण्यात नफा होता. पैठण आणि तेर येथून माल गाड्यांवरून भडोचला जाई. भारताकडे दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स वाहून जातात, अशी तक्रार प्लिनी या रोमन लेखकाने केली, ती याच व्यापाराबद्दल. पेरिप्लसमध्ये या भागाचा राजा म्हणून जे नाव आले आहे, ते क्षहरात क्षत्रप नहपानाचे, असे बहुतेक विद्वान मानतात.

1906 साली नाशिकजवळ जोगलटेंभी येथे नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. सुमारे 13,250 नाणी! रेव्हरंड स्कॉट यांनी त्यांचा अभ्यास करून प्रसिद्ध केला. दर्शनी बाजूस राजाचे मुख आहे, त्याभोवती ग्रीक अक्षरे आहेत; पण अक्षरे ग्रीक असली तरी भाषा ग्रीक नाही, त्यांत नहपानाचे प्राकृत बिरुद लिहिले आहे. मागील बाजूस वज्र आणि बाण, ब्राह्मी व खरोष्ठी लेख. मुखे मात्र एकसारखी नाहीत. कोणी तरुण, कोणी वृद्ध, कोणाचे नाक सरळ, कोणाचे बाकदार. ती सगळी एकाच माणसाची मानणे कठीण आहे. ठसे खोदणाऱ्यांपुढे रोमन सम्राटांची नाणी असावीत, हे मत आम्हांस पटते. पाश्चात्त्य रूप हे त्या काळी चांगल्या चांदीचे चिन्ह झाले होते.

या साठ्याकडे केवळ संग्राहकाच्या डोळ्यांनी पाहिले तर येथे थांबावे लागेल. परंतु त्याच नाशिकात, त्रिरश्मी पर्वतावरील दहाव्या लेण्यात, नहपानाचा जावई उषवदात याचे लेख कोरलेले आहेत. बेचाळीसाव्या वर्षी त्याने हे लेणे चातुर्दिश संघाला दिले आणि त्यासोबत 3,000 कहापणांची अक्षयनीवि, म्हणजे मुद्दल न मोडावयाची ठेव, गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ठेवली. 2,000 कहापण दरमहा शेकडा एक दराने, 1,000 कहापण दरमहा शेकडा पाऊण दराने. पहिल्या रकमेच्या व्याजातून वर्षावासातील वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कहापण चीवरासाठी मिळावयाचे. हिशेब करून पाहावा: 2,000 चे वर्षाचे व्याज 240, आणि वीस बारे 240. दोन हजार वर्षांपूर्वीचा हा हिशेब एका कहापणानेही चुकत नाही.

या व्यवस्थेत मोठा अर्थ आहे. निस्सग्गिय पाचित्तियाच्या अठराव्या नियमाने भिक्षूने सोने-रुपे स्वीकारणे निषिद्ध आहे. वैशालीच्या संगीतीत ज्या दहा गोष्टींवरून वाद झाला, त्यांतही ही एक होती. पैसा श्रेणीकडे राहावा आणि त्याचे फळ चीवराच्या रूपाने संघाकडे जावे, यात त्या नियमाची बूज राखण्याचा प्रयत्न दिसतो, असे आम्हांस वाटते. जोगलटेंभीच्या नाण्यांवरील ते रोमन वळणाचे मुख विणकरांच्या पेटीत राहिले, आणि संघाच्या अंगावर वस्त्र आले.

उषवदाताला आपण सरसकट बौद्ध राजपुरुष म्हणू नये, हेही सांगितले पाहिजे. त्याच लेखांत ब्राह्मणांना दिलेल्या तीन लाख गाईंचा उल्लेख आहे. देव आणि ब्राह्मण यांच्यासाठी 70,000 कार्षापणांचे दान दिल्याचे तो नमूद करतो आणि 35 कार्षापणांस एक सुवर्ण या भावाने त्याचे 2,000 सुवर्ण होतात, असे लिहितो. हे सुवर्ण रोमन की कुषाण, हा वाद जुना आहे.

पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला. साठ्यातील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर त्याने आपली छाप उठविली आहे: एका बाजूस तीन कमानींचा चैत्य किंवा पर्वत, दुसऱ्या बाजूस उज्जयिनी चिन्ह. नाणी वितळविली नाहीत. जुन्या मुखावरच नवी छाप मारली. कित्येक नाण्यांवर चैत्याच्या कमानीआडून नहपानाचे नाक अजून डोकावते.

त्रिरश्मीच्या तिसऱ्या लेण्यात गौतमीपुत्राची आई बलश्री हिने पुत्राची जी प्रशस्ती कोरविली, तिच्यात तो शक, यवन आणि पल्हव यांचा संहारक आहे आणि चातुर्वर्ण्याचा संकर थांबविणाराही आहे. लेणे मात्र भदायनीय भिक्षूंना दिलेले. वर्णसंकर थांबविल्याचा गौरव बौद्ध लेण्याच्या भिंतीवर वाचताना आपल्या मनास यातना होतात. पण भिंत तसेच सांगते, आणि आपण ते वाचले पाहिजे.

त्याच काळाच्या आसपास, ज्यांच्या संहाराची ही फुशारकी आहे ते यवन काय करीत होते? कार्ल्याच्या चैत्यगृहात धेनुकाकटच्या यवनांनी स्तंभ दिले. त्यांतील एकाचे नाव सीहधय, दुसऱ्याचे धम्म. जुन्नरला इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी खोदविली, चिट नावाच्या यवनाने भोजनमंडप दिला. नाशिकच्या सतराव्या लेण्याचा दाता इंद्राग्निदत्त हा उत्तरेकडील दत्तामित्रीचा योनक; त्याच्या पित्याचे नाव धम्मदेव, पुत्राचे धम्मरक्षित. ज्यांना स्मृतिकारांनी वर्णाच्या बाहेर किंवा पतित ठरविले, त्यांना संघाने दाता म्हणून आपल्या स्तंभांवर नाव कोरू दिले, आणि त्यासाठी त्यांना ‘यवन’ ही ओळख पुसावी लागली नाही. मिलिंदाच्या नाण्यावरील चक्रापेक्षा इरिलाची दोन टाकी आम्हांस अधिक बोलकी वाटतात.

अफगाणिस्तानात जलालाबादजवळील अहिनपोश स्तूपात 1879 साली धातूंसोबत सोन्याची नाणी मिळाली, त्यांत कुषाण राजांबरोबर डोमिशियन व ट्रेजन हे रोमन सम्राट आणि सबिना ही सम्राज्ञी होती. ग्रीक अक्षरांत ‘बोद्दो’ लिहिलेले, उभ्या बुद्धाचे कनिष्काचे नाणेही त्यातच होते. हीच नाणी कोणी एकेक करून विकली असती, तर सबिनाचे नाणे एक रोमन नाणे एवढेच राहिले असते. ते स्तूपात ठेवले गेले होते, हे कोणास कळले नसते.

विदर्भाच्या मातीतून आलेला मोठा साठा वेगळ्या रूपाचा आहे. 1939 साली आजच्या वाशीम जिल्ह्यातील तऱ्हाळा येथे सातवाहनांची सुमारे सोळाशे पोटीन नाणी मिळाली. महामहोपाध्याय मिराशी यांनी ती वाचली आणि पुराणांतही न आढळणारी काही राजनावे उजेडात आली. त्यांवर राजमुख नाही. सोंड उंचावलेला हत्ती आणि उज्जयिनी चिन्ह आहे. दिसायला ती काळपट, खडबडीत. टपालाने नाणी मागविणारा अशा नाण्याकडे ढुंकून पाहणार नाही.

राळेगावच्या त्या सभेत हे सर्व सांगितले, तेव्हा मागे बसलेले एक वृद्ध शेतकरी पुढे आले. नांगरताना सापडलेले तसलेच दोन काळे तुकडे त्यांच्या खिशात होते. तरुणाचे चकचकीत नाणे पाहून त्यांनी ते बाहेर काढले नव्हते. 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचा निधी सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांस कळवावे लागते, हे आम्ही समजावून सांगितले. मग शेत कोणते, विहिरीपासून किती अंतरावर, किती खोल आणि कोणत्या महिन्यात सापडले, हे विचारले. त्यांना सगळे आठवत होते. त्या तरुणानेच ते कागदावर उतरवून घेतले.