उष्णतेला लगाम कसा बसला?

चंद्रपूर किंवा गडचिरोली जिल्ह्यातील शाळेत विज्ञान मंडळ सुरू करायचे, मुलांकडून छोटे इलेक्ट्रॉनिक मंडल जोडून घ्यायचे, तर डाख देण्यासाठी कोणते साधन घ्यावे? दुकानात साधे सोल्डरिंग आयर्न मिळते आणि त्याच्या कितीतरी पट किमतीचे सोल्डरिंग स्टेशनही मिळते. या दोहोंत नेमका फरक काय, हे त्यांच्या इतिहासातून चांगले कळते.

जुने कारागीर तांब्याचा जड ठोकळा निखाऱ्यावर तापवून डाख देत. ठोकळा किती तापला हे नवसागराच्या धुरावरून आणि डाख कसा वितळतो यावरून ते ओळखत. तापमापक होता तो कारागिराचा डोळा.

१९२१ मध्ये जर्मनीत एर्न्स्ट झाक्स यांनी एर्सा ही कंपनी काढली आणि विजेवर तापणारी सोल्डरिंग आयर्न कारखान्यात तयार होऊ लागली. निखारे गेले, पण ताबा आला नाही. असे आयर्न सतत ऊर्जा घेत राहते. नुसते ठेवले तर टोक चारशे अंश सेल्सिअसपर्यंतही तापते. जाड तारेला लावले तर झपाट्याने थंड होते. व्हॉल्व्हच्या रेडिओतील जाडजूड जोडांना हे चालून जाई.

डिसेंबर १९४७ मध्ये बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर जन्मला. सेलवर चालणारा रेडिओ त्यामुळे वीज नसलेल्या खेड्यांतही पोचला. पण सुरुवातीचे जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर उष्णतेने लगेच बिघडत. म्हणून डाख देताना त्यांचा पाय चिमट्यात धरावा लागे, म्हणजे उष्णता चिमट्यात जाई. आता तापमान डोळ्याने ओळखून भागणार नव्हते.

यावरचा एक सुंदर उपाय १९६०च्या सुमारास अमेरिकेतील वेलर कंपनीने काढला. चुंबकीय पदार्थ ठरावीक तापमानाला चुंबकत्व गमावतात, हे प्येर क्यूरी यांनी १८९५ मध्ये दाखवले होते. लोखंडासाठी हे तापमान ७७० अंश, तर निकेलसाठी सुमारे ३६० अंश असते. वेलरने टोकाच्या मागे योग्य मिश्रधातूचा तुकडा बसवला. टोक थंड असताना हा तुकडा आतल्या चुंबकाला ओढतो आणि खटका चालू राहतो. क्यूरी तापमान आले की ओढ संपते, स्प्रिंग चुंबकाला मागे खेचते आणि वीज बंद होते. आजच्या बहुतेक स्टेशनांत हेच काम टोकाजवळचा विद्युत तापमापक आणि इलेक्ट्रॉनिक मंडल करतात.

आता पुन्हा जंगलातल्या शाळेकडे येऊ. चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राचा पहिला संच १९८३ मध्ये सुरू झाला. तरीही लांब वाहिनीच्या टोकाच्या गावात दाब कमी पडू शकतो, कारण तारेच्या रोधात दाबाचा काही भाग खर्च होतो. आयर्नची शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० व्होल्टचे २५ वॉटचे आयर्न १७० व्होल्टवर जेमतेम १४ वॉट देते. मग डाख नीट वितळत नाही, विद्यार्थी टोक दाबून धरतो आणि तांब्याची पट्टी पाटीवरून सुटते. दोष मात्र मुलाच्या हाताला दिला जातो.

६० वॉटचे स्टेशन त्याच दाबावर सुमारे ३३ वॉट देऊ शकते. तापायला वेळ थोडा जास्त लागेल, पण नेमलेले तापमान ते सहसा टिकवील. कथील ६३ आणि शिसे ३७ टक्के असलेला डाख १८३ अंशांना वितळतो. टोक ३५० अंशांच्या आसपास ठेवले की जोड दोन-तीन सेकंदांत होतो. शिसेविरहित डाखाला आणखी सुमारे ३५ अंश लागतात.

म्हणून स्टेशन घेताना आकड्यांच्या झगमगाटापेक्षा चार गोष्टी पाहाव्यात: राखीव शक्ती पुरेशी आहे का, टोकावर लोखंडाचा मुलामा आहे का, टोके सुटी मिळतात का आणि तीन पिनांची जोडणी आहे का. तिसऱ्या पिनेचा उपयोग शाळेचे अर्थिंग चांगले असेल तरच होतो. मंडलासाठी राळेचाच डाख घ्यावा. नवसागराने बारीक तारा गंजतात. राळेचा धूर टाळण्यासाठी खिडकीपाशी बसावे आणि काम झाल्यावर हात धुवावेत, कारण शिसे पोटात जाते ते बोटांवरून.

खरेदीपूर्वी शिक्षकांनी आठवडाभर शाळेतील विजेचा दाब वेगवेगळ्या वेळी मोजून फळ्यावर लिहावा. कोणते साधन आपल्या शाळेत चालेल, याचे उत्तर मुलेच वर्गाचे गणित करून काढतील.