कौटुंबिक हिंसा, कायदा आणि निवाऱ्याचा प्रश्न

घरात मारहाण सोसणारी स्त्री दाद का मागत नाही, याचे उत्तर पुष्कळदा तिच्या अज्ञानात शोधले जाते. भारतातील गेल्या चार दशकांचा कायद्याचा इतिहास निराळे उत्तर सुचवितो.

१९८३ मध्ये भारतीय दंडसंहितेत ४९८-अ हे कलम घालण्यात आले आणि पती व त्याचे नातलग यांनी केलेली क्रूरता हा स्वतंत्र गुन्हा ठरला. या कलमाने अपराध्यास शिक्षा सांगितली. परंतु फिर्यादीनंतर स्त्रीने राहावे कोठे, याची तरतूद त्यात नव्हती. नवऱ्याविरुद्ध फिर्याद करणे म्हणजे बहुधा घरास मुकणे, हे ती जाणून होती. १९८४ मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांच्या सहकार्याने विशेष कक्ष स्थापन केला. पोलीस यंत्रणेतच समाजकार्यकर्त्यांशी बोलण्याची सोय तेथे झाली. पुढे २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याच्या १७ व्या कलमाने, मालकी नसली तरीही, सामायिक घरात राहण्याचा हक्क तिला दिला.

तथापि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी सुमारे १४ टक्के स्त्रियांनीच साहाय्य मागितल्याचे आढळले. त्यांतील निम्म्याहून अधिक स्वतःच्या कुटुंबाकडे वळल्या होत्या. राहण्याचा हक्क न्यायालयातून मिळवावा लागतो. तोवरचा आधार बहुधा माहेरच असते. म्हणून स्त्रीच्या निर्णयाचा अभ्यास करताना कायद्याइतकेच माहेराचे वर्तनही तपासणे अगत्याचे ठरते.