चिंचेनं घासलेलं पितळ आणि न घासायची गाडी : मोटारीच्या रंगाचा इतिहास

आजचा विषय आहे मोटारीच्या रंगाचा इतिहास. यात कसला आलाय इतिहास, असं काहींना वाटेल. पण आपल्या जिल्ह्यात आता गावोगावी हप्त्यावर घेतलेली गाडी अंगणात उभी असते. दर रविवारी तिची मनापासून सेवा होते, आणि पुष्कळदा त्या सेवेमुळेच तिचा रंग लवकर जातो. हे का होतं, ते रंगाचा इतिहास पाहिला की कळतं.

सुरुवात आपल्या ओळखीच्या वस्तूपासून करू. भंडारा म्हणजे पितळेचं गाव. पितळ काळं पडलं की चिंच लावायची, राखेनं घासायचं. भांडं सोन्यासारखं दिसतं. इथे काय होतं? चिंचेतलं आम्ल वरचा काळा थर विरघळवतं, राख तो खरवडते आणि खालचं ताजं पितळ वर येतं. दर वेळी थोडं पितळ जातं, पण गुंडाची जाडी एक मिलिमीटर धरली तरी ते हजार मायक्रॉन झाले. पिढ्या जातात, गुंड राहतो. त्यामुळे आपल्या हाताला एक सवय लागली आहे : घासलं की चमकतं.

आता मोटारीकडे या. पहिल्या मोटारी घोडागाड्यांसारख्याच रंगवत असत. तेलाचा रंग, त्यावर व्हार्निश, ब्रशनं एकावर एक हात. प्रत्येक हात वाळायला वेळ लागे, आणि गाडी पुरी व्हायला आठवडेच्या आठवडे जात. कारखान्यातून गाड्या भराभर निघायला लागल्या तेव्हा रंगकाम हीच मोठी अडचण झाली. फोर्डची मॉडेल टी १९१४ ते १९२५ या काळात फक्त काळ्या रंगात मिळायची, कारण काळा रंग स्वस्त होता आणि टिकाऊही.

या अडचणीतून वाट निघाली ती बारुदाच्या धंद्यातून. आपल्या जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत नायट्रोसेल्युलोज हा पदार्थ हाताळला जातो, हे इथल्या अनेकांना माहीत असेल. कापसासारख्या तंतूंवर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून तो बनतो आणि तोफेच्या बारुदात वापरला जातो. अमेरिकेतली ड्यूपॉन्ट ही मुळात बारूद बनवणारी कंपनी. पहिल्या महायुद्धानंतर तिनं याच पदार्थापासून पटकन वाळणारा रंग तयार केला, ड्युको. जनरल मोटर्सच्या १९२४ च्या ओकलंड गाड्यांवर तो निळ्या रंगात आला. आठवड्यांचं काम तासांवर आलं, आणि गाड्यांना काळ्याशिवाय दुसरे रंगही स्वस्तात मिळू लागले.

या लॅकरचा स्वभाव नीट लक्षात घ्या. त्यातलं थिनर उडून गेलं की तो वाळतो, बस. आत रेणूंची पक्की वीण बसत नाही. उन्हानं वरचा थर मरतो आणि खडूसारखा होतो. पण रंग वरपासून खालपर्यंत एकच असतो. म्हणून मेलेला थर रबिंग कंपाउंडनं घासून काढला की खालून ताजा रंग मिळतो. म्हणजे हुबेहूब पितळेचाच न्याय! नंतर आलेल्या इनॅमललाही हेच लागू होतं. अ‍ॅम्बेसेडर असो की मुंबईत कुर्ल्याला बनणारी पद्मिनी, घासताना फडक्याला गाडीचाच रंग लागायचा. त्या काळी दरवर्षी पॉलिश करणारा माणूस बरोबरच करत होता.

आपल्या रस्त्यावर याचं आणखी एक रूप होतं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला गडेगावला अशोक लेलँडचा कारखाना आला. त्या काळी देशभरात ट्रक पुष्कळदा नुसता सांगाडा म्हणून विकला जायचा. वर केबिन नाही, ड्रायव्हर उघड्यावर बसून तो शेकडो मैल न्यायचा. लाकडी बॉडी पुढे बॉडी बिल्डरकडे बसायची आणि पेंटर तिच्यावर ब्रशनं मोर, कमळ, मालकाचं नाव काढायचा. उन्हानं ते फिकं पडलं की पुन्हा रंगवायचं. चमक माणसाच्या हातातून यायची, आणि गेली तर त्याच हातातून परत यायची.

हे बदललं कसं? तीन पायऱ्यांनी. १९६० च्या दशकात फोर्डनं गाडीचा अख्खा पत्रा रंगाच्या हौदात बुडवून विजेच्या प्रवाहानं अस्तर चढवायला सुरुवात केली. ब्रश पोचत नाही अशा सांधीकोपऱ्यातही ते बसू लागलं आणि गंजाला मोठाच आळा बसला. दुसरी पायरी भट्टीची. साधारण १४० अंशांवर भाजताना रेणू एकमेकांत विणले जातात. असा रंग थिनरनंही सहज विरघळत नाही. तिसरी पायरी मेटॅलिक रंगामुळे आली. त्यातला अ‍ॅल्युमिनियमचा चुरा उघडा राहिला तर खराब होतो. मग रंग खाली आणि वर पारदर्शक थर, क्लिअरकोट, ही पद्धत १९७० आणि ८० च्या दशकांत रुळली.

आता आकडे बघा. आजच्या गाडीवर सगळे थर मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन. त्यात क्लिअरकोट सुमारे ४०. डोक्याचा केस यापेक्षा जाड असतो! आणि सगळी चमक या ४० मायक्रॉनमध्ये आहे. अतिनील किरण अडवणारी रसायनंही त्यातच मिसळलेली असतात. तो घासून पातळ झाला की ऊन खालच्या रंगापर्यंत पोचतं, पकड सुटते आणि टपावर, बॉनेटवर पापुद्रे निघतात. मग कितीही पॉलिश करा, काही उपयोग नाही, कारण खाली चमकणारं काही उरलेलंच नसतं. पूर्वीची चमक पुन्हा कमावता येत होती. आजची चमक कारखान्यात एकदाच मिळते; पुढे ती फक्त जपून खर्च करायची.

म्हणून आपल्या हवेत काय करावं, ते सांगतो. कोरड्या फडक्यानं धूळ पुसू नका. धान मळणीच्या दिवसांतला फुफाटा, रस्त्याची बारीक रेती, ही सगळी कानसच आहे. आधी भरपूर पाणी ओतून माती वाहून जाऊ द्या, मगच मऊ कापड आणि गाड्यांचा शाम्पू वापरा. भांड्यांचा साबण आणि तारेची घासणी स्वयंपाकघरातच राहू द्या. धुणं सकाळी किंवा सावलीत करा. बोअरच्या पाण्याचे थेंब उन्हात वाळले की क्षारांचे पांढरे डाग बसतात. पक्ष्यांची विष्ठा त्याच दिवशी भिजवून काढा. मे महिन्यात पत्रा तापला की रंग मऊ होतो आणि तो डाग आत उतरतो. मेण लावलंत तर उत्तम, कारण मग झीज आधी मेणाची होते. कंपाउंड मात्र अगदी गरज असेल तेव्हाच, तेही खरचटलं असेल तेवढ्याच जागी.

एक गोष्ट राहिली, आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. कारखान्यातली भट्टी गावच्या डेंटिंग-पेंटिंगच्या दुकानात नसते. तिथे तोच पक्केपणा हार्डनर मिसळून आणतात. त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. फवारा मारताना ते श्वासातून आत गेले तर कायमचा दमा जडू शकतो. नाकाला बांधलेला रुमाल त्यांना अडवत नाही. त्यासाठी योग्य मुखवटा आणि हवा बाहेर टाकणारी सोय लागते, आणि बंद खोलीत तर साधा मुखवटाही पुरत नाही, बाहेरून स्वच्छ हवा पुरवावी लागते. ब्रशनं मोर काढणाऱ्या पेंटरला ही जोखीम नव्हती. आपल्या गाडीची चमक त्याच्या मुलाच्या फुफ्फुसातून येऊ नये, एवढं तर आपण ग्राहक म्हणून पाहू शकतो. काम टाकताना विचारा, "मुखवटा आहे का?" आणि त्यासाठी चार पैसे जास्त लागले, तर तिथे घासाघीस करू नका.

थांबतो. काही प्रश्न असतील तर घेऊ या.