स्टँडर्ड ऑइल न्यास

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील खनिज तेल उद्योगाची बलाढ्य मक्तेदारी संघटना. जॉन डी. रॉकफेलर व त्याचे सहकारी यांनी १८७० मध्ये ओहायओ राज्यात मूळ कंपनी स्थापिली. रेल्वे कंपन्यांकडून वाहतूक-दरांत गुप्त सूट मिळवून तिने प्रतिस्पर्ध्यांना नामोहरम केले व १८८० च्या सुमारास देशातील सु. ९०% तेलशुद्धीकरण हस्तगत केले. १८८२ मध्ये संलग्न कंपन्यांचे भाग विश्वस्तांकडे सोपवून न्यास निर्माण झाला. ओहायओच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९२ मध्ये त्याविरुद्ध निर्णय देताच संघटनेने न्यू जर्सीच्या सवलतीच्या कायद्याचा आश्रय घेतला व १८९९ मध्ये तेथील कंपनीस सूत्रधारी कंपनीचे रूप दिले. मक्तेदारीविरोधी शर्मन कायद्याची (१८९०) अंमलबजावणी दीर्घकाळ शिथिलच राहिली. १८९६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत कंपनीने मकिन्लीच्या प्रचारार्थ अडीच लाख डॉलर दिले. आयडा टार्बेल हिच्या लेखमालेने (१९०२–०४) लोकमत प्रक्षुब्ध झाले. निवडणुकीसाठी कंपन्यांनी द्यावयाच्या देणग्यांवर १९०७ मध्ये बंदी आली. कंपनीने सीनेटर फोरेकर यास पैसे दिल्याचे १९०८ मध्ये उघडकीस आले. ते वकिलीचे शुल्क होते, असे त्याचे म्हणणे होते. तथापि त्याची राजकीय कारकीर्द संपुष्टात आली. १९११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने संघटनेचे ३४ कंपन्यांत विभाजन झाले. मात्र त्यांच्या भागांच्या किंमती चढल्याने रॉकफेलरची संपत्ती उलट वाढली.