आय की एल? कन्सोलास फाँटची गोष्ट

नोकरीला लागून जेमतेम तीन महिने झाले होते. रात्री अकरा वाजता सर्व्हरवर एक की टाकायची होती आणि ती मला मेलमध्ये स्क्रीनशॉट म्हणून आली होती. म्हणजे कॉपी-पेस्ट नाही, बसा हाताने टाइप करत! दोन तास सर्व्हर काही आत घेईना. शेवटी टीममधल्या सीनियर ताईने माझ्या एडिटरकडे बघून विचारलं, "अरे, हा एल का टाकलायस? तो आय असेल." तसंच निघालं. मेलच्या फाँटमध्ये कॅपिटल आय आणि स्मॉल एल म्हणजे जुळी भावंडं, नुसत्या दोन उभ्या दांड्या. एडिटरमध्ये मात्र एल लपला नाही. तो फाँट होता कन्सोलास.

कन्सोलास मोनोस्पेस आहे, म्हणजे प्रत्येक अक्षराला सारखीच जागा. ही सवय टाइपरायटरची. रेमिंग्टनचा टाइपरायटर १८७४ मध्ये बाजारात आला. त्यात कुठलीही कळ दाबा, गाडा तेवढाच सरकायचा. पुढे १९२८ मध्ये आयबीएमचं ८० रकान्यांचं पंचकार्ड आलं, आणि नंतर कित्येक टर्मिनलच्या स्क्रीननेही तेच ८० रकाने उचलले. यंत्रं गेली, पण सवय राहिली. कारण कोडमध्ये अक्षराखाली अक्षर आलं की चूक पटकन दिसते.

पण सगळ्यांना सारखी जागा दिली की बारीक अक्षरांची पंचाईत होते. आयच्या दोन्ही बाजूंना मोकळं रान! डच डिझायनर लुकास डी ग्रूट यांनी काय केलं? कन्सोलास तसा सॅन्स-सेरिफ, म्हणजे अक्षरांच्या टोकांना आडव्या रेघा नसलेला. पण आय आणि एलला त्यांनी मुद्दाम त्या रेघा दिल्या. शून्यात तिरकी रेघ मारली, म्हणजे तो कॅपिटल ओपासून वेगळा. जागा सारखी, पण चेहरा प्रत्येकाचा वेगळा.

२००७ मध्ये विंडोज व्हिस्टासोबत तो लोकांपर्यंत पोचला. क्लिअरटाइप हे तंत्र डोळ्यासमोर ठेवून तो काढला होता. एलसीडीच्या एका पिक्सेलमध्ये लाल, हिरवी, निळी अशा तीन पट्ट्या असतात. क्लिअरटाइप त्या वेगवेगळ्या वापरतं, म्हणून अक्षराच्या कडा मऊ दिसतात. व्हिज्युअल स्टुडिओ २०१० मध्ये तर तो डिफॉल्टच झाला. आणि हो, वर्डमधला कॅलिब्रीसुद्धा डी ग्रूट यांचाच!

एक खंत आहे. कन्सोलासमध्ये देवनागरी नाही. कोडमध्ये मराठी कॉमेंट लिहिली की विंडोज दुसऱ्या फाँटमधून अक्षरं उसनी आणतं आणि रांग मोडते.

तुम्ही कोड लिहीत नसाल, तरी हे उपयोगी आहे. बँकेचा आयएफएससी कोड बघा. ११ अक्षरं, आणि पाचवं नेहमी शून्य, ओ नव्हे. पैसे पाठवताना फोनवर दोन्ही सारखेच दिसले तर हे आठवा. मी त्या रात्री दोन तास घालवून शिकलो, तुम्ही फुकटात शिकलात!

भेटू पुढच्या भागात.